दांडीची सायकल, बिनदांडीची सायकल

पोस्ट जरा लांबलीय, पण विषय आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या रोजच्या जाण्या-येण्याचा आहे. सवडीने वाचा.

इलेक्ट्रिक गाड्या म्हटलं की आपली चर्चा लगेच कार आणि स्कूटरवर जाते. कुठली एका चार्जिंगमध्ये किती पळते, कुणाची बॅटरी पेटली, शेजाऱ्याने कुठलं मॉडेल बुक केलं. या सगळ्या गलक्यात ई-सायकल नावाची साधी वस्तू गुपचूप पंचवीस-तीस हजारांवर येऊन बसली आहे. बऱ्यापैकी मोबाईल घ्यायचा तर तेवढेच लागतात. पेडल मारायचं, मागून मोटर ढकलते, चढ लागला की जास्त ढकलते. बॅटरी संपली तर साधी सायकल म्हणून घरी येता येतं. कृष्णाकाठची आपली सगळी सपाट जमीन, सांगली ते मिरज जेमतेम दहा किलोमीटर. या गावांसाठीच ही वस्तू काढली असावी असं वाटतं.

तरी रस्त्यावर ती कुणाकडे दिसते? सकाळी टी-शर्ट घालून व्यायामाला निघालेल्या तरुणांकडे, नाहीतर कॉलेजच्या पोरांकडे. मिरजेच्या दवाखान्यांत कामाला जाणाऱ्या आया, मावश्या, सिस्टर या सायकलवर नाहीत. कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बायका नाहीत. हरिपूर, बुधगाव, अंकलीहून शहरात येणाऱ्या मुली नाहीत. म्हणजे ज्यांना दिवसाचे वडापचे पैसे खरोखर जड जातात त्या नाहीतच.

किंमत हे कारण आहेच, त्यावर पुढे बोलू. पण किंमत जमली तरी एक अडचण उरते आणि ती म्हणजे दांडी. सीटपासून हँडलपर्यंत जाणारी ती आडवी नळी.

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन दुकानांत नुसतं बघून आलो. काचेजवळ ओळीने उभ्या असतात त्या जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या थाटाच्या, आडव्या दांडीच्या सायकली. ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना चेनकव्हर, काहींना तर साधा स्टँडही नाही. साडी नेसलेली किंवा ओढणी घेतलेली बाई त्यावर चढणार कशी आणि चढलीच तर ओढणी चेनमध्ये जाणार नाही याची हमी कोण देणार? डबा, पिशवी, दप्तर ठेवायचं कुठं? "लेडीज मॉडेल आहे का" असं विचारलं की आतून एक काढून दाखवतात. फिकट गुलाबी किंवा आकाशी रंग, पुढे छोटी बास्केट, आणि कागद नीट वाचला तर बॅटरी लहान. मी पाहिलेल्या दोन्ही लेडीज मॉडेलांत हेच होतं. बाई म्हणजे जवळच जाणार, दुपारी भाजी आणणार, असं कुणीतरी कुठंतरी बसून ठरवून टाकलेलं आहे. दिवसाला वीस किलोमीटर जाणारी बाई त्यांच्या हिशेबात नाही.

आता थोडं मागे जाऊ. सायकलला दांडी का असते? सायकलचा सांगाडा म्हणजे दोन त्रिकोण जोडलेले असतात. त्रिकोण वाकत नाही, म्हणून कमी लोखंडात मजबूत सायकल होते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायका सायकल चालवू लागल्या तेव्हा लांब झगे आडवे येत होते, म्हणून दांडी खाली उतरवली. त्रिकोण मोडला, सांगाडा लचकायला लागला, मग नळ्या जाड कराव्या लागल्या आणि सायकल थोडी जड झाली. पायाच्या जोरावर चालणाऱ्या वाहनात प्रत्येक किलो मोजून मापून घ्यावा लागतो. म्हणून पुरुषांची दांडीची सायकल हीच "खरी" आणि बायकांची ती "हलकी", चेष्टेची, असं ठरत गेलं. तोच साचा इथं आला आणि आपणही मुकाट लेडीज-जेन्ट्स म्हणायला लागलो.

पण मोटर आली की हे सगळं गणितच बदलतं. ई-सायकल आधीच वीस-पंचवीस किलोची असते. त्यात जाड नळीचा एखादा किलो वाढला तर तो मोटर ओढते, तुमची मांडी नाही. म्हणजे दांडी ठेवण्याचं मुख्य कारणच निकालात निघालं. उलट सायकल एवढी जड असताना उंच दांडीवरून पाय टाकणं जास्त धोक्याचं आहे. चढता-उतरताना तोल गेला की पंचवीस किलो अंगावर येतात. बॅटरी कुठं बसवायची हा प्रश्नही अवघड नाही. सीटच्या मागे उभी बसते, खालच्या जाड नळीतही बसते. हॉलंडमध्ये आज नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत निम्म्याच्या आसपास ई-सायकली असतात, आणि तिथं साठी उलटलेले पुरुष बिनदांडीची सायकल बिनदिक्कत चालवतात.

आपल्याकडे पुरुषाला लाज वाटते. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन काका आहेत. उभी हयात सायकलवर गेली. आता गुडघा वाकत नाही, पाय मागून टाकता येत नाही. सुनेची बिनदांडीची सायकल अंगणात उभी आहे, पण ती घेऊन मारुती चौकात जायचं म्हणजे लोक काय म्हणतील! म्हणून काका चार पावलांसाठी रिक्षा करतात. दुधाचे कॅन, भाजीची पोती, पेपरचे गठ्ठे कॅरिअरवर बांधून निघणाऱ्या माणसाची अडचण तर रोजची आहे. मागे ढीग असला की पाय टाकायला जागाच राहत नाही. त्यालाही बिनदांडीचीच सायकल सोयीची. पण त्याला ती दुकानात कुणी दाखवतच नाही.

लाज मात्र घालवता येते, आणि आपल्याच महाराष्ट्रात ती एकदा गेलेली आहे. लुना आठवते का? पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणली. पन्नास सीसी, पेडल असलेली, मध्ये मोकळी जागा. लुनाला कुणी लेडीज म्हटलं नाही की जेन्ट्स म्हटलं नाही. मास्तर लुनावर, दूधवाला लुनावर, नर्सबाई लुनावर, धोतर नेसलेले आजोबाही लुनावर. मधल्या जागेत पिठाचा डबा नाहीतर गॅसची टाकी. पुढे ॲक्टिव्हाच्या बाबतीतही तेच झालं. घरात एकच गाडी, सासरा, सून, नातू सगळे तीच चालवतात. अन् आता मोठ्या शहरांत घरपोच सामान देणारी शेकडो पोरं कमी वेगाच्या, मध्ये मोकळ्या असलेल्या छोट्या ई-बाईकवर फिरतात, त्यांना कुणी हसत नाही. एखादी वस्तू कामाची आहे हे सगळ्यांना दिसलं की दांडी आहे का नाही हे कुणी बघत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीतून हजारो खेडुत बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. तिथं लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी सरळ जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. का? तर दांडीवर मूल बसवता येतं! म्हणजे बाईला बिनदांडीचीच पाहिजे असं आपण परस्पर ठरवणं हाही आगाऊपणाच. माझं म्हणणं एवढंच आहे की दांडी असो वा नसो, बॅटरी, मोटर, ब्रेक, कॅरिअर सारखंच द्या आणि लेडीज-जेन्ट्सच्या पाट्या काढा. उंचीप्रमाणे लहान-मोठी साईज ठेवा. मूल बसवायला मागे पक्की सीट द्या, म्हणजे दांडीचं ते एक कामही उरणार नाही.

साडीगार्डचंच बघा ना. मोटारसायकलला मागच्या चाकापाशी कपडा अडकू नये म्हणून संरक्षण द्यायलाच हवं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून तिला तो लागू नाही. जुन्या काळ्या सायकलींना चेनकव्हर आणि जाळी कंपनीकडूनच यायची. तीस हजारांच्या सायकलला मात्र ती वेगळे पैसे भरून बसवायची, आणि बऱ्याचदा बसतच नाही.

आता पैशांचं. दुकानदार छातीठोक सांगतो, "दहा पैशात एक किलोमीटर!" खोटं नाही, पण अर्धवट आहे. साधारण ३६ व्होल्टची, पावणेआठ-आठ ॲम्पिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला एक तृतीयांश युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला नऊ रुपये धरले तर तीन रुपये. पेडल मारत गेलं तर पंचवीस किलोमीटर धरा. झाले किलोमीटरला बारा पैसे. खरा खर्च आहे बॅटरीचा. नवीन बॅटरीला दहा हजार धरा आणि ती सहाशे वेळा चार्ज होईल असं धरा, म्हणजे पंधरा हजार किलोमीटर. किलोमीटरला सदुसष्ट पैसे हे झाले. एकूण ऐंशी पैसे. स्कूटरला पेट्रोलचेच सव्वादोन-अडीच रुपये जातात, सर्व्हिसिंग, विमा वेगळा. मिरज-सांगली जाऊन-येऊन वीस किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस असा हिशेब केला तर पेट्रोलचे बाराशेच्या आसपास जातात आणि ई-सायकलचे सगळे धरून सव्वाचारशे. शिवाय स्कूटर घ्यायलाच लाखभर लागतात.

आठ-नऊ हजार पगाराच्या बाईला महिन्याचे सात-आठशे रुपये म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही.

पण पंचवीस हजार एकदम आणायचे कुठून? मोबाईल हप्त्यावर मिळतो, स्कूटर हप्त्यावर मिळते. ई-सायकलला नोंदणी नाही, आरसी बुक नाही, त्यामुळे वाहन कर्ज म्हणून बँकेला त्यावर बोजा चढवता येत नाही. नोंदणी नसणं हा तिचा मोठा फायदा आहे आणि कर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. इथं बचत गटांनी पुढं यायला पाहिजे. गटातून शिलाई मशीनला, म्हशीला कर्ज मिळतं, तसं सायकलला का नाही? परतफेड तर वडापच्या वाचलेल्या पैशांतून होते.

आणि सरकार? केंद्राची फेम-२ योजना १ एप्रिल २०१९ ला सुरू झाली, तिच्यात दुचाकीला अनुदान हवं तर किमान ताशी ४० किलोमीटर वेग आणि ८० किलोमीटर पल्ला हवा अशी अट होती. ताशी २५ ची सायकल तिथंच बाद. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये १०,९०० कोटींची तरतूद झाली, त्यातही पेडलच्या सायकलला जागा नाही. आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. असू दे, माझी तक्रार नाही. पण वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला टोल माफ आणि पंचवीस हजारांची सायकल घेणाऱ्या मावशीला काहीच नाही, हा कुठला हिशेब? दिल्ली सरकारने २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजार रुपये जाहीर केले होते. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. आणखी एक गंमत. ई-सायकल घेताना जीएसटी ५ टक्के. तीन-चार वर्षांनी तिची लिथियम बॅटरी वेगळी घ्यायला गेलात की १८ टक्के. ज्या वेळी सायकल टिकवायची त्याच वेळी खिशाला जास्त चाट.

शाळेच्या मुलींचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बिहारने २००६ मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. शाळा जितकी लांब तितका फरक मोठा. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, पण पाच किलोमीटरच्या आतल्या. त्यापुढच्या मुलींनी एसटीची वाट बघायची. एसटी चुकली, रद्द झाली, की त्या दिवशीची शाळा बुडाली. आणि चार दिवस बुडाली की घरात बोलणं सुरू होतं, "कशाला एवढी दगदग, राहू दे की आता घरी." सहा ते दहा किलोमीटरवरच्या या मुलींना साधी सायकल दमवते. ई-सायकल तिथंच कामाला येते.

शिवाय ती कायद्यात बसते. २५० वॅटपेक्षा कमी मोटर, ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, एवढं असेल तर लायसन्स नको, नंबर प्लेट नको. पंधरा वर्षांची मुलगी राजरोस चालवू शकते. आज त्याच वयाच्या पोरापोरींच्या हातात पालक ॲक्टिव्हा देतात. पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंचवीस हजारांत ई-सायकल येते हो!

मात्र एक सावध करतो. "लायसन्स लागत नाही" असं सांगून पंचेचाळीस-पन्नासने पळणाऱ्या गाड्याही खपवल्या जातात. कुणी मेकॅनिक कंट्रोलरची वायर काढून वेग वाढवून देतो. अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर राज्यात २०२२ मध्ये परिवहन विभागाने मोहीम काढली होती. अपघात झाला तर विमा नाही, कागद नाही, सगळं तुमच्या गळ्यात. पंचवीसचा वेग म्हणजे पंचवीसच. आपल्या रस्त्यांना तो भरपूर आहे, खड्ड्यांना तर जास्तच.

आता आपल्याकडे काय करता येईल ते. महापालिकेने आधी शंभर फुटी रोडवर आणि सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागपासून वानलेसवाडीपर्यंत कडेची पट्टी मोकळी ठेवावी. वेगळा सायकल ट्रॅक बांधून त्यावर गाडे उभे करण्यापेक्षा आहे ती कड गाड्यांपासून सोडवली तरी पुष्कळ. दवाखाने आणि कारखान्यांनी कामगारांसाठी छताखालचा, कुलपाचा स्टँड द्यावा आणि चार प्लग द्यावेत. दिवसाला तीन रुपयांची वीज कुठल्याही मालकाला जड नाही. बॅटरी सायकलवरून काढता येणारीच असावी, कारण भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर सायकल चढवता येत नाही. दोन-तीन किलोची बॅटरी पिशवीत घालून नेता येते, चोरीचीही भीती कमी.

आणि पंक्चरवाला. याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. बऱ्याच स्वस्त ई-सायकलींची मोटर मागच्या चाकात असते. चाक काढायचं तर वायरचं कनेक्शन सोडवावं लागतं, नट मोठे असतात. आपल्या पेठेतले जुने मिस्त्री हात लावायला घाबरतात, "कंपनीत न्या" म्हणतात. कंपनीचं सेंटर पुण्याला. रात्री ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टरची सायकल मिरजेत पंक्चर झाली तर ती काय पुण्याला पाठवणार? आयटीआयमध्ये गावातल्या सायकल मिस्त्रींसाठी चार दिवसांचा वर्ग घेतला तरी हा प्रश्न सुटतो. चाक सोडवणं, कनेक्टर बघणं, ब्रेकचा सेन्सर, बॅटरीचं व्होल्टेज मोजणं, एवढंच शिकवायचं आहे. मिस्त्रींचाही धंदा वाढेल.

कुणी दुकानात बघायला जाणार असेल तर एवढं करा. घरातल्या बाईला सोबत न्या, आणि ती रोज जे कपडे घालून कामाला जाते त्याच कपड्यांत न्या. दुकानाबाहेर तिला दोनदा चढू-उतरू द्या, मोटर बंद करून थोडं चालवू द्या. कॅरिअर, चेनकव्हर, मडगार्ड आणि स्टँड किमतीत धरून सांगा म्हणावं. बॅटरी किती वॅट-अवरची आणि नवी केवढ्याला, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी बॅटरीची किती वर्षं आणि मोटरची किती, हे वेगवेगळं विचारा. आजोबा सोबत असतील तर त्यांनाही बसवून बघा, बिनदांडीच्याच सायकलवर.